एअरब्रशसाठी थिनर आणि क्लीनर कसे निवडायचे: बाटलीवरचं नाव नको, रंग सुकतो कसा ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे की प्लास्टिकची मॉडेल किट्स रंगवायला ०.३ मिमी नोझलचा नवा एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनसारखं साधन, घेतलाय, शेल्फवर व्हॅलेहोच्या रंगांच्या बाटल्या आहेत, तामियाच्या काही काचेच्या बरण्या आहेत आणि हम्ब्रोलचे दोन छोटे डबे, आणि सगळ्यांना पातळ करायला एकच आयसोप्रोपिल अल्कोहोल म्हणजे आयपीए वापरलं. तामिया छान उडाला, व्हॅलेहोच्या कपातच गुठळ्या झाल्या आणि हम्ब्रोल नीट मिसळलाच नाही. तर सगळ्यांना चालेल असा एक थिनर आहे का, आणि धुवायला नक्की काय वापरायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो, नाही. असा थिनर नाही, आणि कुणी बाटलीवर 'युनिव्हर्सल' छापलं असेल तर ते त्याच्या स्वतःच्या रेंजपुरतं आहे असं धरून चाला. पण त्यामुळे दहा प्रकारचे थिनर घ्यावे लागतात असंही नाही, तीन-चार बाटल्यांत सगळं भागतं, फक्त कुठली कशाला हे डोक्यात पक्कं पाहिजे.

गडबड सगळी होते ती 'ॲक्रिलिक' या शब्दामुळे. व्हॅलेहोवर ॲक्रिलिक लिहिलेलं असतं, तामियाच्या एक्स आणि एक्सएफ बरण्यांवरही ॲक्रिलिकच लिहिलेलं असतं, आणि माणूस म्हणतो दोन्ही ॲक्रिलिक म्हणजे दोन्हींना एकच थिनर. ॲक्रिलिक हे फक्त बाइंडरचं, म्हणजे पिगमेंट (रंगाची पूड) धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकचं घराणं झालं. ते प्लास्टिक बाटलीत कुठल्या अवस्थेत आहे, पाण्यात तरंगतंय का सॉल्व्हंटमध्ये म्हणजे ते विरघळवणाऱ्या द्रवात विरघळलंय, यावर थिनर ठरतो. व्हॅलेहो मॉडेल कलर, मॉडेल एअर, एके कंपनीची थर्ड जनरेशन, अमोचे ॲक्रिलिक, सिटाडेल, आर्मी पेंटर, लाइफकलर ही सगळी मंडळी पहिल्या प्रकारातली. त्यांच्यात ॲक्रिलिकचे अतिशय बारीक कण पाण्यात पसरलेले असतात आणि ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून आत काही रसायनं टाकलेली असतात. पाणी उडालं की कण जवळ येतात, एकमेकांत दबतात आणि फिल्म तयार होते. एकदा ती झाली की पुन्हा पाणी ओतून काही होत नाही, रंग परत विरघळत नाही.

आता त्यात आयपीए टाकलं की काय होतं? कणांना वेगळं ठेवणारी व्यवस्थाच मोडते, कण एकदम एकमेकांना चिकटतात, आणि कपात रबरी धागे, गुठळ्या, कधी कधी तर अख्खी जेली. रंग खराब नव्हता आणि बाटलीही जुनी नव्हती, थिनर चुकीच्या घराण्यातला होता, बस. तामियाचा एक्स-२०ए थिनर व्हॅलेहोत टाकला तरी बहुतेक वेळा हेच होतं कारण त्यातही अल्कोहोल आहे. काही रंग थोडं अल्कोहोल सहन करतात हे खरं, पण कुठली बाटली सहन करेल आणि कुठली नाही हे नोझलमध्ये जाऊन कळण्यापेक्षा त्या भानगडीत न पडलेलं बरं.

तामियाचे ॲक्रिलिक आणि मिस्टर हॉबीचे ॲक्वियस म्हणजे एच नंबरवाले रंग हे मधले. ते अल्कोहोल आणि तशाच पाण्यात मिसळणाऱ्या सॉल्व्हंटवर चालतात, म्हणून पाण्यानेही पातळ होतात, अल्कोहोलनेही, आणि गंमत म्हणजे लॅकर थिनरनेही (लॅकर म्हणजे तिखट सॉल्व्हंटवरचे रंग, त्यांच्याबद्दल पुढे). पाण्याने केले तर चालतं म्हणायचं इतकंच, गुळगुळीत प्लास्टिकवर थेंब थेंब होऊन गोळा होतात आणि पकड कमी. एक्स-२०ए हा यांचा रोजचा थिनर, कुठलीही कटकट नाही. आयपीए चालतं, ९० टक्क्यांच्या वरचं घ्या, पण ते फार पटकन उडतं त्यामुळे गरम हवेत रंग मॉडेलवर पोचायच्या आधीच अर्धा सुकतो आणि पृष्ठभाग पावडर मारल्यासारखा खरखरीत येतो. मॅट कॅमोफ्लाजला ते एक वेळ खपून जातं, ग्लॉसला अजिबात नाही.

आणि माझं स्पष्ट मत विचाराल तर तामिया आणि मिस्टर हॉबी ॲक्वियस दोन्हीसाठी मिस्टर कलर लेव्हलिंग थिनर वापरा, एकदा वापरला की मागे जावंसं वाटत नाही. त्यात रिटार्डर असतो म्हणजे सावकाश उडणारा भाग असतो, त्यामुळे रंगाला मॉडेलवर पडल्यावर सपाट व्हायला वेळ मिळतो, नोझलच्या टोकावर सुकत नाही, बारीक रेघा मारताना हात थांबवून टोक पुसावं लागत नाही. तामियाचा स्वतःचा पिवळ्या झाकणाचा लॅकर थिनरही चालतो, तो जरा लवकर सुकतो. फक्त एवढं लक्षात ठेवा की हा थिनर वापरला की तुमचा 'ॲक्रिलिक' रंग वासाच्या आणि मास्कच्या बाबतीत लॅकर झाला, त्याला लॅकरसारखंच वागवायचं.

इथेच एक सापळा सांगून ठेवतो. तामियाचा एक्स-२०ए हा ॲक्रिलिकचा थिनर आणि नुसता एक्स-२० हा इनॅमलचा, म्हणजे हम्ब्रोलसारख्या रंगांचा. एका अक्षराचा फरक, आणि तामियाच्या इनॅमल रंगांनाही एक्स, एक्सएफ असेच नंबर असतात. ऑनलाइन ऑर्डर करताना फोटो बघून नाही तर ते 'ए' बघून घ्या. तसंच एकेच्या रिअल कलर्स हे लॅकर घराण्यातले आणि थर्ड जनरेशन पाण्यावरचे, कंपनी एकच. हटाकाची ऑरेंज लाइन लॅकर आणि बाकीच्या पाण्यावरच्या. म्हणजे कंपनीवरून ठरवणंही बरोबर नाही, प्रत्येक रेंजचं वेगळं बघायचं.

लॅकर म्हणजे मिस्टर कलर, तामियाचे एलपी, गाया, एमआरपी वगैरे. यांच्यात बाइंडर सॉल्व्हंटमध्ये विरघळलेला असतो आणि सॉल्व्हंट उडालं की रंग सुकला, दुसरी कुठलीही रासायनिक क्रिया नाही. म्हणूनच सुकलेला लॅकर त्याच्याच थिनरने कधीही परत विरघळतो, महिन्यांनी सुद्धा. धुण्याच्या दृष्टीने हे वरदान आहे, एअरब्रशमध्ये कुठे राहिला असेल तरी थिनर लावला की निघतो. पातळ करायला त्याच कंपनीचा थिनर किंवा लेव्हलिंग थिनर, साधारण १ भाग रंगाला दीड ते २ भाग थिनर, आणि बारीक मॉटलिंगला म्हणजे पुसट ठिपक्यांच्या नक्षीला ३-४ भागांपर्यंत जाऊन प्रेशर १० ते १२ पीएसआयवर आणायचं. एमआरपी आणि अलक्लॅड आधीच पातळ करून येतात, त्यात काही टाकायची गरज नाही. दमट हवेत लॅकर मारताना कधी कधी पांढुरकी झाक येते, त्याचं कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. अशा दिवशी पटकन उडणारा थिनर टाळा, लेव्हलिंग थिनर घ्या किंवा सरळ काम पुढे ढकला.

इनॅमलबद्दल फार बोलण्यासारखं नाही. हम्ब्रोल, रेव्हेलचे 'ईमेल' नावाचे रंग, तामियाचे इनॅमल, सगळे व्हाइट स्पिरिटने किंवा कंपनीच्या इनॅमल थिनरने पातळ करा. बिनवासाचं स्पिरिट जरा कमजोर असतं, वॉशला म्हणजे खाचांत उतरवायच्या पातळ रंगाला चांगलं, एअरब्रशला मला साधंच आवडतं. लॅकर थिनरनेही बरेच इनॅमल पातळ होतात आणि लवकर सुकतात, पण उलटं चालत नाही, व्हाइट स्पिरिटने लॅकर पातळ होत नाही. इनॅमलचा खरा मुद्दा धुण्याचा आहे. हा रंग हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो, म्हणजे सॉल्व्हंट उडाल्यावरही क्रिया चालूच राहते, आणि आठवडाभर नोझलमध्ये राहिलेला इनॅमल मग व्हाइट स्पिरिटला दाद देत नाही, त्याला लॅकर थिनरच लागतो. म्हणून इनॅमल मारला की त्याच बैठकीत धुवा, उद्यावर टाकू नका.

परत पाण्यावरच्या रंगांकडे येतो, कारण तुमच्या बहुतेक बाटल्या त्याच आहेत आणि त्रासही तिथेच जास्त. नुसत्या पाण्याने पातळ केला तर काय बिघडतं असं बऱ्याच जणांना वाटतं. पाण्याचा पृष्ठताण फार जास्त, साधारण ७२ मिलीन्यूटन प्रति मीटर, आणि आयपीएचा २२ च्या आसपास. त्यामुळे पाण्याने पातळ केलेला रंग प्लास्टिकवर पसरायच्या ऐवजी गोळा होतो, कडांवरून आणि पॅनेल लाइनमधून म्हणजे मॉडेलवरच्या बारीक खाचांमधून मागे सरकतो. शिवाय जास्त पाणी म्हणजे बाइंडर विरळ, मग मास्किंग टेप काढताना रंग टेपबरोबर निघून येतो. व्हॅलेहोचा स्वतःचा एअरब्रश थिनर यासाठीच आहे. घरी करायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये १० ते २० टक्के फ्लो इम्प्रूव्हर आणि रिटार्डरचे काही थेंब, एवढं पुरतं. फ्लो इम्प्रूव्हर पृष्ठताण कमी करतो, रिटार्डर सुकणं लांबवतो, दोन्हींचं काम वेगळं आहे, एकाच्या ऐवजी दुसरा चालत नाही. आणि रिटार्डर जास्त झाला तर रंग दोन दिवस बोटाला चिकटत राहतो. भांड्याचा साबण टाकायचा सल्ला पण मिळेल तुम्हाला, तो ऐकू नका, कपात फेस येतो आणि पकड जाते.

प्रमाणाचं म्हणाल तर मॉडेल कलर ब्रशसाठी घट्ट असतो, त्याला अर्धा रंग अर्धा थिनर, कधी त्याहून पातळ. मॉडेल एअर 'रेडी टू स्प्रे' म्हणून विकतात पण ०.३ नोझलला मी त्यातही १०-२० टक्के थिनर घालतो, आणि ०.२ असेल तर नक्कीच. 'दुधाइतका पातळ करा' हा सगळ्यात जास्त वाटला जाणारा सल्ला आहे आणि तो अपुरा आहे, कारण पांढरा, पिवळा, लाल हे रंग दुधाइतके पातळ दिसले तरी आत पिगमेंट एवढं असतं की नोझल बसतंच. मी कपाच्या आतल्या भिंतीवर बघतो. काडीने रंग भिंतीवर वर ओढायचा आणि सोडायचा. तो खाली उतरताना मागे पातळ पारदर्शक थर ठेवून एकसारखा घसरला तर बरोबर. जाड पट्टा तसाच चिकटून राहिला तर अजून थिनर, आणि मागे काहीच न राहता भिंत लगेच स्वच्छ झाली तर पातळ जास्त झाला, असा रंग मॉडेलवर कोळ्याच्या पायांसारखा पसरतो. हे दोन-तीन वेळा बघितलं की डोळा बसतो, मग मोजमापाची गरज राहत नाही. आणि कपात आधी थिनर टाका, मग रंग. उलटं केलं तर घट्ट रंग आधी जाऊन नोझलच्या तोंडाशी बसतो आणि वर कितीही ढवळलं तरी तो तिथेच.

पाण्यावरच्या रंगाला प्रेशरही जरा जास्त लागतं, १५ ते २० पीएसआय, आणि ते ट्रिगर दाबून गेजवर बघायचं, नुसतं उभं असताना दिसतं ते नाही. इतकं सगळं करूनही टिप ड्राय म्हणजे नीडलच्या, नोझलमधून जाणाऱ्या सुईच्या, टोकावर रंग सुकणं हे होणारच, पाण्यावरच्या रंगाचा तो स्वभावच आहे, मधेमधे फ्लो इम्प्रूव्हरमध्ये भिजवलेल्या मऊ ब्रशने टोक पुसत राहायचं.

प्रायमरचं एक सांगतो. पॉलियुरेथेन ॲक्रिलिक प्रायमर, व्हॅलेहोचा सरफेस प्रायमर त्यातलाच, अल्कोहोलने अजिबात पातळ करू नका आणि कपात ठेवून चहाला उठू नका, तो नोझलमध्ये सुकला की काढणं जिवावर येतं. मला स्वतःला मिस्टर सरफेसर १५०० लेव्हलिंग थिनरमध्ये, १ ला १ ते १ ला २, हाच पटतो. घासला तर पावडर होतो, साल निघत नाही.

नवीन रंग आणि नवीन थिनरची जोडी असेल तर एअरब्रशमध्ये घालायच्या आधी पांढऱ्या चिनी मातीच्या पॅलेटवर दोन थेंब रंग, दोन थेंब थिनर, टूथपिकने ढवळा आणि पाच मिनिटं सोडून द्या. मग पॅलेट तिरकं करा आणि वाहणाऱ्या रंगाच्या कडेकडे बघा. कड गुळगुळीत आणि एकाच छटेची असेल तर चालेल. कडेला दाणे दिसले, पिगमेंट एकीकडे आणि पारदर्शक पाणी एकीकडे झालं, किंवा टूथपिक उचलल्यावर धागा लांबला, तर ती जोडी विसरा. पांढऱ्या प्लास्टिकच्या चमच्यावर ही टेस्ट करू नका, बरेच चमचे पॉलिस्टायरीनचे असतात आणि लॅकर थिनर त्यांना खातो, मग दाणे रंगाचे का चमच्याचे ते कळत नाही. हो, पण थिनर प्लास्टिकला किती चावतोय हे बघायचं असेल तर मात्र किटच्या स्प्रूचा, म्हणजे भाग ज्याला जोडलेले असतात त्या सांगाड्याचा, तुकडा उत्तम, काम झाल्यावर फेकून द्या.

आता क्लीनर. थिनर आणि क्लीनर यांच्यातला फरक बऱ्याच जणांना माहीत नसतो, दोन्ही पातळ, दोन्हींना वास, म्हणून एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेतात. थिनरमध्ये वेगवेगळ्या वेगाने उडणारी सॉल्व्हंट्स मोजून घातलेली असतात, रंग नीट बसावा म्हणून. क्लीनरला बसण्याशी घेणंदेणं नाही, त्याला फक्त सुकलेला रंग उपटायचाय. मिस्टर टूल क्लीनर, किंवा हार्डवेअरच्या दुकानातला सगळ्यात तिखट लॅकर थिनर, किंवा ॲसिटोन, हे धुवायला झकास, पण रंगात घातले तर ॲसिटोन ५६ अंशालाच उकळतं इतकं उडतं की रंग हवेतच कोरडा होतो, आणि किटचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन वितळतं ते वेगळंच. कॅनोपीसारख्या पारदर्शक भागांना तर बारीक भेगा पडतात. हार्डवेअरच्या थिनरचं आणखी एक, त्यात काय मिसळलंय ते डब्या-डब्याला बदलतं, मिथेनॉलही असू शकतं, त्यामुळे तो हातमोजे घालून आणि धुण्यापुरताच. नेलपॉलिश रिमूव्हरच्या वाटेला जाऊ नका, त्यात तेल आणि सुगंध असतो, तो आत राहतो आणि पुढच्या रंगात फिश आय म्हणजे गोल खळगे उठवतो.

धुण्याचा नियम मी असा पाळतो की ओला रंग त्याच्याच घराण्याच्या पातळ द्रवाने काढायचा आणि सुकलेला रंग क्लीनरने. व्हॅलेहो ओला असताना थेट आयपीए किंवा लॅकर थिनर ओतला तर परत तेच, गुठळ्या, आणि या वेळी त्या थेट नोझलमध्ये. म्हणून आधी पाण्याने दोन-तीन कप फ्लश करा, पाणी स्वच्छ येईपर्यंत, मग एअरब्रश क्लीनर, आणि जरूर पडली तरच सगळ्यात शेवटी लॅकर थिनर. पाण्यावरून लॅकरवर जायचं असेल तर मधे आयपीए हा पूल आहे, ते पाण्यातही मिसळतं आणि सॉल्व्हंटमध्येही. म्हणजे पाणी, मग आयपीए, मग लॅकर थिनर, आणि परत येताना बरोबर उलट क्रम. एका दिवसात तिन्ही प्रकारचे रंग मारणाऱ्यांना हा क्रम अंगवळणी पडला की निम्मे अडथळे आपोआप संपतात. तसं बघितलं तर तुमच्या आयपीएच्या बाटलीची खरी जागा हीच, आणि तामियाच्या सफाईत.

अमोनियावाला काच साफ करायचा स्प्रे बरेच जण क्लीनर म्हणून वापरतात, स्वस्त पडतो आणि ॲक्रिलिक काढतो. फ्लश करायला, लगेच पाण्याने धुऊन टाकणार असाल तर ठीक. त्यात रात्रभर भिजवू नका, एअरब्रशची बॉडी बहुतेक वेळा क्रोम चढवलेलं पितळ असते, नोझलही कधी पितळेचं, आणि अमोनियाचं पितळेशी जमत नाही. ब्लीच तर कुठल्याही धातूपासून लांबच ठेवा, आणि अमोनिया आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू तयार होतो.

अख्खा एअरब्रश थिनरमध्ये बुडवून ठेवणं हीसुद्धा चांगली सवय नाही. आत ओ-रिंग आणि सील असतात, पीटीएफईचे म्हणजे टेफ्लॉनचे असतील तर सॉल्व्हंट सहन करतात, साध्या रबराचे असतील तर फुगतात आणि मग ट्रिगर अडकतो, हवा गळते. विशेषतः खालच्या एअर व्हॉल्व्हमध्ये थिनर जाऊ द्यायचा नाही, तिथे रंग जातच नाही तर थिनर कशाला? भिजवायचं ते नोझल, नोझल कॅप आणि नीडल, तेही काचेच्या किंवा धातूच्या छोट्या डबीत. डिस्पोजेबल कपात लॅकर थिनर ओतून बघा, कपाचा तळ टेबलावरच राहतो. अल्ट्रासॉनिक क्लीनर असेल तर त्यात पाणी आणि थोडं डिटर्जंट, ज्वलनशील सॉल्व्हंट कधीच नाही.

मेटॅलिक रंगांसाठी वेगळी छोटी बाटली ठेवा थिनरची. धुतलेला थिनर गाळून पुन्हा वापरायची सवय असेल तर ॲल्युमिनियमचे कण त्यात उरतातच, आणि मग मॅट काळ्यावर उन्हात धरल्यावर चमचम दिसते. असा वापरलेला थिनर पहिल्या फ्लशला चालतो, शेवटच्या फ्लशला नेहमी ताजा घ्यायचा. उरलेलं सॉल्व्हंट बेसिनमध्ये ओतू नका, झाकणाच्या डब्यात साठवा आणि रासायनिक कचरा जिथे घेतात तिथे द्या. इनॅमलची चिंधी चुरगळून डब्यात कोंबू नका, ऑक्सिजनशी क्रिया होताना ती तापते, पसरून वाळवा.

थरांचा विचारही थिनर निवडतानाच करावा लागतो, याकडे कुणी लक्ष देत नाही. खालचा थर ज्या थिनरने विरघळतो तो थिनर वरच्या थरात नको. तामिया ॲक्रिलिकवर व्हाइट स्पिरिटमधला इनॅमल वॉश बिनधास्त मारा, पुसला तरी खालचा रंग हलत नाही. पण तामियावर अल्कोहोलचा बोळा फिरवलात तर रंग बोळ्यावर. लॅकरवर लेव्हलिंग थिनरमधला दुसरा लॅकर मारताना ओला थर चढवू नका, हलके दोन-तीन थर, नाहीतर खालचा रंग वर येतो. डिकल्सवर म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या छापील चिन्हांवर लॅकरची पारदर्शक क्लिअर मारायची असेल तरी तेच, पहिले थर जवळजवळ कोरडे.

मास्कबद्दल एक परिच्छेद लिहितोच, वगळून वाचू नका. धुळीचा एन९५ मास्क रंगाचे कण अडवतो, सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही. लॅकर, इनॅमल, लेव्हलिंग थिनरमधला तामिया, यांना सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर लागतो, युरोपीय मानकात ए प्रकार, तपकिरी पट्टीचा, आणि त्यावर कणांचा फिल्टर. मास्क घालूनही वास यायला लागला तर कार्ट्रिज संपलं. पाण्यावरचा रंग आहे म्हणून कण फुफ्फुसात जायचे थांबत नाहीत, तेव्हा तिथेही कणांचा मास्क हवाच. स्प्रे बूथची हवा बाहेर गेली पाहिजे, खोलीत फिरून उपयोग नाही. आयपीएचा फ्लॅश पॉइंट १२ अंश, ॲसिटोनचा शून्याखाली, म्हणजे खोलीच्या तापमानाला दोन्हींची वाफ ठिणगीने पेटते, शेजारी हीटर किंवा पेटता गॅस नको. आणि पातळ नायट्राइल हातमोज्यांतून ॲसिटोन आणि लॅकर थिनर थोड्या वेळात आरपार जातात, भिजले की बदला.

तुमच्या शेल्फपुरतं बोलायचं तर मी चार बाटल्या घेईन. व्हॅलेहोसाठी व्हॅलेहोचा एअरब्रश थिनर आणि सोबत फ्लो इम्प्रूव्हर, तामियासाठी लेव्हलिंग थिनर, वास चालत नसेल तर एक्स-२०ए, आणि धुवायला हार्डवेअरचा लॅकर थिनर. आयपीए तुमच्याकडे आहेच, हम्ब्रोलसाठी व्हाइट स्पिरिटची छोटी बाटली कुठेही मिळते. वेगळा एअरब्रश क्लीनर घ्यायलाच पाहिजे असं काही नाही, पाण्याने नीट फ्लश करत असाल तर तो रोज लागत नाही.

राहिलं आत्ता अडकलेलं नोझल. तुम्ही लिहिलंय की व्हॅलेहोच्या गुठळ्यांनंतर कपात बुडबुडे येतायत आणि फवारा तुटक येतोय. बुडबुडे म्हणजे हवा नोझलमधून पुढे जायच्या ऐवजी मागे रंगात शिरतेय, कारण एक तर नोझल अर्धं बंद आहे किंवा त्याच्या बुडाशी सुकलेला रंग बसल्यामुळे ते नीट बसत नाहीये. आधी मागचा नट सैल करून नीडल काढा, टोकावर कोरडा रंग असेल तर तो पुसूनच मागे ओढा, नाहीतर तो सगळा नीडलच्या सीलमध्ये जाऊन बसेल. नोझल कंपनीच्या पान्याने हलकेच काढा आणि काचेच्या डबीत लॅकर थिनरमध्ये तासभर ठेवा. सुकलेला ॲक्रिलिक तिथे विरघळणार नाही, फुगून मऊ होईल आणि मग सुटेल. मागच्या रुंद तोंडातून टोक घासून बारीक केलेल्या लाकडी टूथपिकने फिरवून काढा, सुई किंवा तार आत घालू नका, नोझलचं तोंड रुंदावलं की नवीनच घ्यावं लागतं. उजेडासमोर धरून बघा, समोरचं भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. जिथे नोझल बसतं ती बॉडीतली जागाही थिनरमध्ये भिजवलेल्या इंटरडेंटल ब्रशने पुसा, गुठळ्या बऱ्याचदा तिथेच लपलेल्या असतात. नीडलवर एअरब्रशच्या ल्युब्रिकंटचा अगदी पुसट हात, सिलिकॉन किंवा डब्ल्यूडी-४० नको. मग नोझल लावताना ते बसल्याचं हाताला कळलं की थांबा, पान्याने जोर लावलात तर ०.३ च्या नोझलचा आटा तुटून निम्मा बॉडीतच राहतो. नंतर कपात नुसतं पाणी घालून फवारून बघा, बुडबुडे आले नाहीत तर झालं. आले तर नोझलच्या कडेला चीर गेली आहे का ते भिंगाखाली बघा.